इमरूआजी

बायकांच्या सर्जिकल वॉर्डात कुणाची सासू कुणाशी बोलत नाही, कुणाचा नवरा परगावी असतो आणि कुणाला नाईट ड्युटी झेपत नाही, हे सगळं इन्चार्जबाईंना तोंडपाठ होतं. सत्तावीस वर्षं नोकरी, त्यातली चौदा याच वॉर्डात. "माझ्या पोरींचं मला सगळं माहीत असतं," असं त्या छातीवर हात ठेवून सांगायच्या, आणि त्यांच्या पोरी, म्हणजे हाताखालच्या नर्सेस, त्यावर निमूट माना डोलवायच्या.

त्यामुळे मेट्रनच्या ऑफिसातून आलेला तो फॉर्म भरायला त्यांना पाच मिनिटंही लागली नाहीत. वरच्या खोऱ्यातल्या नर्सेस नोकरीत का टिकत नाहीत, असा प्रश्न होता. गेल्या सहा वर्षांत चौघी सोडून गेल्या होत्या. बाईंनी लिहिलं, घरची ओढ, इथलं हवापाणी मानवत नाही, मन लागत नाही. खाली विचारलं होतं, सध्या वॉर्डात खोऱ्याची भाषा येणारे कर्मचारी किती? त्यांनी ठळक अक्षरात लिहिलं, निरंक. सही ठोकली आणि फॉर्म वर पाठवून दिला.

ही सोमवारची गोष्ट. त्याच दुपारी ती आजी आली.

खोऱ्यातल्या कुठल्याशा वाडीतून शेजाऱ्यांनी तिला जीपमध्ये घालून आणलं होतं. जांघेतला हर्निया अडकला होता, पोट फुगून टणक झालं होतं. शेजाऱ्यांना इथली भाषा मोडकीतोडकी यायची. त्यांनी कागदावर आजीचा अंगठा घेऊ दिला, मुलगा लांब बांधकामावर असतो, त्याला कळवतो म्हणाले, आणि जीपवाला हॉर्नवर हॉर्न वाजवतोय म्हणून निघून गेले. तासाभरात आजीला ऑपरेशनला घेतलं. सगळं व्यवस्थित पार पडलं. मंगळवारी सकाळी ती उशीला टेकून बसली होती आणि बाईंना बघून बोळकं पसरून हसलीसुद्धा.

दुपारपासून मात्र तिने एकच धोशा लावला. "इमरू. इमरू." कुणीही जवळून गेलं की हात पुढे करायची आणि म्हणायची, "इमरू." नुकतीच पास होऊन आलेली एक पोरगी वॉर्डात डॉक्टर होती, तिला सगळे छोट्या डॉक्टर म्हणायचे. तिने केसपेपर उलटसुलट केला.

"नाव सांगतायत का या स्वतःचं?"

केसपेपरवरचं नाव भलतंच लांबलचक होतं, कुणाच्या जिभेवर बसत नव्हतं. हे घरचं, लाडाचं नाव असणार, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं. वॉर्डातल्या सगळ्यात लहान नर्सने आजीच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बरं गं माझी इमरूआजी!"

झालं. नाव वॉर्डभर झालं. राउंडला आलेले मोठे डॉक्टरही "काय इमरूआजी, कसं काय?" म्हणून हसले. बाईंना तर ते इतकं आवडलं की त्यांनी घरी सासूबाईंनासुद्धा सांगितलं.

आजीला मळमळत होतं, दोनदा उलटी झाली, ती कपाळ दाबून धरायची. भुलीचा परिणाम, असं छोट्या डॉक्टरांनी लिहिलं. डोळे लाल झाले होते. रडत होती ना सारखी! पाण्याचा ग्लास पुढे केला तर तिने तो हवेत चाचपला आणि पाडला. अशक्तपणा, दुसरं काय. बुधवारी तर नर्सचा हात एकदा हाती लागला की सोडायलाच तयार नाही. मायाळू आहे हो म्हातारी, असं कौतुक झालं. बुधवारी संध्याकाळी ती बोलायचीच थांबली. वॉर्डाच्या रिपोर्टबुकात नोंद झाली, रुग्ण शांत.

गुरुवारी सकाळी मौनी रजेवरून परतली.

मौनी हे काही तिचं खरं नाव नव्हे. अकरा वर्षांपूर्वी वॉर्डात आली तेव्हापासून कामापुरतं बोलणारी, म्हणून बाईंनीच ते ठेवलं होतं. हात असा हलका, की कुणाची शीर सापडत नसली तर दुसऱ्या वॉर्डांतूनही तिला बोलावणं यायचं. आणि नजर त्याहून तेज. खोऱ्यातले पेशंट तोंडाने काही सांगू शकायचे नाहीत, पण मौनी हळूच म्हणायची, "सर, यांना लघवी होत नसावी," किंवा "यांचं दुखणं डाव्या बाजूला असेल का?" आणि ते खरं निघायचं. बाई नव्या पोरींना तिचा दाखला द्यायच्या. पेशंटचा चेहरा वाचायला शिका, मौनीसारखा. या खेपेला तिने चुलतबहिणीच्या लग्नासाठी चार दिवस मागितले, तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "आठ घे की! कधी रजा घेतेस तू?"

ड्युटी सोपवताना बाई तिला एकेक खाट दाखवत चालल्या होत्या. मौनीच्या हातात ड्रेसिंगचा ट्रे होता. सातव्या खाटेपाशी बाई थांबल्या.

"आणि या आमच्या इमरूआजी. हर्निया होता, आता बऱ्या आहेत. दोन दिवस नुसतं डोकं खाल्लं हो आमचं, पण कालपासून—"

"काय म्हणालात?"

"इमरूआजी. लाडाचं नाव आहे त्यांचं."

"कोण म्हणालं नाव आहे?"

अकरा वर्षांत मौनीने बाईंचं बोलणं असं मध्येच तोडलं नव्हतं. तिने ट्रे शेजारच्या पेशंटच्या पायावर, पांघरुणावरच टेकवला. त्या बिचारीने दचकून पाय आखडले. मौनी आजीच्या कानाशी वाकली आणि बोलू लागली.

बाईंना आधी कळेचना की आवाज कुणाचा आहे. तो खालच्या पट्टीतला, भरभर वाहणारा, मध्येच हेल काढणारा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. ती खोऱ्याची भाषा होती. आणि ती शिकवणीला जाऊन शिकलेली नव्हती. आईच्या मांडीवर ऐकूनच अशी जिभेवर चढते.

आजीचं सगळं अंग हललं. तिने दोन्ही हातांनी मौनीचं तोंड चाचपलं, कपाळ, नाक, हनुवटी, आणि मग तिचा बांध फुटला. शब्दावर शब्द. मौनीने खिशातला टॉर्च काढून तिच्या डोळ्यांवर धरला, एका, मग दुसऱ्या. दोन बोटं समोर नाचवली. आजी भिंतीकडे बघून बोलतच होती.

मौनी ताडकन सरळ झाली.

"बाई, डोळ्यांच्या डॉक्टरांना बोलवा. आत्ता, या मिनिटाला. इमरू म्हणजे दिसत नाही."

पुढचा अर्धा तास बाईंना नंतर नीट आठवायचा नाही. फोन त्यांनीच केला असणार. स्ट्रेचर आलं, डोळ्यांचे डॉक्टर जवळजवळ धावतच आले. "कधीपासून?" ते विचारत होते, मौनी आजीला विचारत होती आणि उत्तरं इकडे आणत होती. मंगळवारी दुपारी आधी उजव्या डोळ्यापुढे धुकं आलं, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, मग कपाळ फुटेल असं दुखलं. बुधवारी सकाळी डावाही तसाच.

"म्हणजे चाळीस तास," डॉक्टर म्हणाले. "ऑपरेशनच्या वेळच्या औषधांनी काही म्हाताऱ्या माणसांत डोळ्यातलं पाणी तुंबतं, दाब चढतो. आम्हाला त्याच दिवशी कळवायला हवं होतं. यांनी काही तक्रारच केली नाही का?"

छोट्या डॉक्टर रडायला लागल्या.

उजवा डोळा गेला. डाव्यासाठी सलाईन, गोळ्या, थेंब, लेझर, सगळं सुरू झालं. दुपारी निरोप आला, डावा बहुधा वाचेल.

तेव्हा कुठे बाईंनी मौनीला चादरींच्या खोलीत गाठलं. त्या धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावरच बसल्या.

"तू खोऱ्यातली आहेस?"

"हो."

"अकरा वर्षं?"

"जन्मापासून, बाई."

"अगं, मग बोलली का नाहीस? मी वर पत्रांवर पत्रं पाठवतेय, दुभाष्या द्या, दुभाष्या द्या, आणि तू इथे, माझ्या शेजारी—"

"पहिल्या दिवशी सांगणारच होते." मौनी दाराला टेकून उभी होती. "माझ्या कागदांवर मामाचा पत्ता होता, इथला. तो वाचून तुम्ही म्हणालात, बरं झालं बाई, तू वरची नाहीस, वरच्या टिकत नाहीत. मी तोंड उघडलं होतं. ते मिटलं."

बाईंनी डोक्याला ताण दिला, पण असलं काही बोलल्याचं त्यांना आठवेना. हसत हसत बोलून गेल्या असणार, जसं माणूस हवेबद्दल बोलतं. नाही म्हणावं, तर तोंडही धजेना. आणखी कितीजणींना ते म्हटलं असेल, याचाच हिशेब लागत नव्हता.

"आणि मग मी थोरलीला बघितलं," मौनी म्हणाली.

थोरली म्हणजे खोऱ्यातली सगळ्यात जुनी नर्स. त्या चौघींत सगळ्यात आधी, सहा वर्षांपूर्वी, सोडून गेलेली.

"सगळ्या इस्पितळातून तिला हाका. इकडे बाळंतीण, तिकडे अपघात, जरा ये गं, जरा सांग गं. स्वतःच्या पेशंटची औषधं राहायची, आणि तुम्ही ओरडायचात, कुठे गावभर फिरत असतेस? त्या बोलण्याची कधी ड्युटीत नोंद झाली नाही. मग तो पोटाचा पेशंट दगावला. डॉक्टर चार शब्द बोलले होते, नातेवाइकांनी चाळीस प्रश्न विचारले होते. नातेवाईक म्हणाले, हिनेच सांगितलं बरा होईल. डॉक्टर म्हणाले, हिनेच चुकीचं सांगितलं. मेमो तिला मिळाला. त्यावर तुमची सही होती, बाई."

"मला वरून आलं होतं ते..."

"माहितीये. ड्युटीवर दुसऱ्या भाषेत बोलू नये ही नोटीसही वरूनच आली असेल. कपडे बदलायच्या खोलीत आहे अजून. मी रोज तिच्याखाली चपला काढते."

"पण तुला सगळं कळत होतं... म्हणजे ते चेहरा वाचणं..."

"कसला चेहरा, बाई! ते सांगायचे, मी ऐकायचे. मग तुमच्याकडे येऊन असं असावं, तसं असावं म्हणायचे. चोरून. अकरा वर्षं मी आमच्या माणसांना अर्धंच उत्तर दिलंय." तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "त्यांनी पाणी मागितलं तर पाणी द्यायचे, पण घे गं माय, एवढं म्हणायची सोय नव्हती."

मग मौनीने खिशातून एक पाकीट काढलं.

"चुलतबहिणीचं लग्न नव्हतं. मुलाखतीला गेले होते. तिथे दोन भाषा येणाऱ्यांसाठी वेगळी पोस्ट आहे. मला घेतलंय. हा राजीनामा आज सकाळीच तुम्हाला द्यायचा होता."

बाईंनी पाकीट घेतलं. घेतलं म्हणजे हातात आलं. "आणखी कुणाला येते ती भाषा? वॉर्डात?"

"ते मी नाही सांगणार. ज्याचं त्याने सांगायचं."

संध्याकाळी दोघी डोळ्यांच्या वॉर्डात गेल्या. आजीच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती, डावा उघडा, लालभडक, पाणावलेला. बाईंनी खूप शब्द जुळवून आणले होते, पण त्यांतला एकही तोंडातून बाहेर येईना. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "आमची चूक झाली. आम्हाला कळलं नाही."

मौनीने ते सांगितलं. आजीने ऐकून घेतलं. मग हळूहळू, थांबत थांबत बोलली. मौनी ऐकत राहिली. तिने सांगायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"सांग," बाई म्हणाल्या. "जे असेल ते सांग. अर्धं नको."

"म्हणतायत, मी रडून सांगत होते दिसत नाही, दिसत नाही. आणि तुम्ही सगळ्या हसत हसत यायचात. गालावर हात फिरवायचात, आणि म्हणायचात, दिसत नाही आजी, दिसत नाही आजी. मला वाटलं, या शहरात आंधळ्या माणसाला असंच चिडवतात. म्हणून मग मी गप्प झाले."

बाईंनी खाटेची कड धरली. गालावरून फिरलेला तो हात त्यांचाही होता. बुधवारी सकाळी त्यांनी आजीची हनुवटी धरून मोठ्या लाडाने ते म्हटलं होतं, एकदा नव्हे, दोनदा, कारण आजी ऐकून तोंड फिरवत होती.

घरी पोचल्या तर सासूबाई दारातच. "काय गं, कशी आहे तुझी इमरूआजी?" बाईंनी पिशवी खाली ठेवली, "ते नाव घेऊ नका, आई," म्हणाल्या आणि जिन्याच्या पायरीवर बसून लहान मुलीसारख्या रडल्या. सासूबाईंना काही उमगेना. त्या नुसत्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, आणि बाईंना तो हातही सोसवेना.

शुक्रवारी बाईंनी सगळ्यांना टेबलाभोवती गोळा केलं. "खोऱ्याची भाषा कुणाला येते? कुणाला काही होणार नाही, माझा शब्द आहे." कुणी पापणीही हलवली नाही. बाईंच्या शब्दाची किंमत काय, हे त्या शांततेने त्यांना नीट समजावून सांगितलं.

त्या दुपारी चहाच्या वेळी झाडलोट करणाऱ्या मावशी आल्या. बादली खाली ठेवून, पदराला हात पुसत उभ्या राहिल्या.

"बाई, मला येते. माझं माहेर तिकडचं."

"मावशी!" बाई ताडकन उठल्या. "तुम्ही मंगळवारी होतात! बुधवारीही होतात!"

"होते ना. आणि बुधवारी तुम्हाला म्हणाले पण. बाई, आजींच्या डोळ्यांचं काहीतरी बघा म्हणाले. भाषा येते म्हणायची छाती झाली नाही, पण तेवढं म्हणाले."

आणि बाईंना आठवलं. हे मात्र लख्ख आठवलं. त्या औषधांच्या कपाटाची यादी तपासत होत्या, मान वर न करता म्हणाल्या होत्या, "रडून लाल झालेत, मावशी. तुम्ही आधी कोपऱ्यातलं फिनेल बघा."

"मी पुन्हा म्हणायला हवं होतं," मावशी म्हणाल्या. "जेवण जात नाही मला तेव्हापासून. पण तुम्ही एकदा गप्प म्हटल्यावर दुसऱ्यांदा बोलायचं म्हणजे..." त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि बादली उचलली.

सोमवारी चौकशी बसली. मेट्रनच्या केबिनमध्ये बाईंचा जबाब टाईप होऊन तयारच होता. रुग्णाने दृष्टीबाबत कोणतीही तक्रार केली नव्हती, असं त्यात होतं.

"सही करा," मेट्रन म्हणाल्या. "तसं ते खरंही आहे. कुणाला समजेल अशी तक्रार कुठे झाली?"

बाईंनी पेन घेतलं आणि ते वाक्य खोडलं. वर हाताने लिहिलं, रुग्णाने तक्रार केली होती. दोन दिवस सतत, ज्याला त्याला केली होती. वॉर्डातल्या एका कर्मचाऱ्यानेही मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. मग आठवड्यापूर्वी भरलेला तो फॉर्म परत मागितला, त्यातलं निरंक खोडलं आणि तिथे लिहिलं, माहीत नाही; मला सांगावं असं मी कुणाला वाटू दिलेलं नाही.

"वेड लागलंय तुम्हाला," मेट्रन म्हणाल्या. "नोकरीची तीन वर्षं राहिलीयेत."

"म्हणूनच," बाई म्हणाल्या. कपडे बदलायच्या खोलीतली नोटीस त्यांनी परत जाताना स्वतः ओरबाडून काढली. चिकटपट्टीबरोबर भिंतीचा रंगही निघाला.

मेमो बाईंना मिळाला, एक बढती थांबली. आजीचा मुलगा आला, सगळं ऐकून भिंतीला डोकं टेकून उभा राहिला, आणि डाव्या डोळ्याने बघणाऱ्या आईला घेऊन गेला. जाताना तो कुणाशी बोलला नाही, आणि बोलावं अशी अपेक्षा करायलाही कुणाला तोंड नव्हतं.

मौनीची नोटिशीची मुदत महिन्याची होती. शेवटच्या आठवड्यात बाईंनी विचारलंच. "राहतेस का? मी पोस्टसाठी लिहिलंय. भिंतीवरची ती नोटीस उतरवलीये. आता तर सगळ्यांना माहीतही झालंय."

"तुम्ही वाईट नाही, बाई," मौनी म्हणाली. त्या महिनाभरात ती इतकी बोलायला लागली होती की पोरींना आश्चर्य वाटायचं. खोऱ्यातल्या पेशंटशी तर हसून खिदळून. "पण इथे मी रोज युनिफॉर्मबरोबर गप्प बसणंही चढवलंय. इथल्या भिंतींना माझा तोच आवाज माहीत आहे. मला जिथे पहिल्या दिवसापासून बोलता येईल तिथे जाऊ द्या."

बाईंनी तिला आणखी आग्रह केला नाही. ती गेली.

पोस्ट अजून मंजूर व्हायची आहे. दरम्यान बाईंनी कुणाला न विचारता एक केलं. ड्युटीच्या तक्त्यात मावशींच्या नावापुढे रोजचे दोन तास लिहिले, पेशंटशी बोलणे. मेट्रननी विचारलं, मग त्या दोन तासांतली मावशींची कामं कोण करणार?

परवा खोऱ्यातून एक बाळंतीण आली, पोटावर टाके, घाबरून पांढरी पडलेली. मावशी तिच्या खाटेशेजारी स्टूल घेऊन बसल्या. आधी काठावर, उठायच्या तयारीत. मग नीट टेकून. दोघींचं बोलणं सुरू झालं. मध्येच त्या पोरीने काहीतरी विचारलं आणि मावशी खळखळून हसल्या. इन्चार्जबाईंनी बाह्या सारल्या, खाटेखालचं भांडं उचललं आणि ते रिकामं करायला मोरीकडे घेऊन गेल्या.